भिंतीपर्यंतचे पांढरे पट्टे

आमच्या रस्त्यावर पायी चालणाऱ्यांसाठी काढलेले पांढरे पट्टे आहेत. ते पलीकडच्या फुटपाथपासून निघतात, रस्ता व्यवस्थित ओलांडतात आणि अलीकडे येऊन पंपघराच्या भिंतीला टेकतात. भिंतीला दार नाही. नवखा माणूस तिथं पोचला की आधी भिंतीकडे बघतो, मग वर बघतो, मग आपल्याकडे बघून कुणी हसतंय का ते बघतो. पट्टे कुणी काढले अशी चौकशी झाली, तर दातांच्या डॉक्टरांचा कंपाउंडर आमच्या घराकडे बोट दाखवतो. ते खरंच असल्यामुळे मला त्याच्याशी भांडताही येत नाही. सकाळी ऑफिसला मी हल्ली मागच्या बोळातून जातो.

या सगळ्याची सुरुवात आत्याच्या छत्रीपासून झाली. आत्या म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. ती आमच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडच्या इमारतीत तळमजल्यावर एकटी राहते. रोज दुपारी जेवण उरकलं की छत्री घेऊन रस्ता ओलांडायची, आमचा जिना चढायची आणि दिवेलागणीपर्यंत बहीणभाऊ रमी खेळायचे. दोघंही लबाडी करायचे. दोघांनाही ते माहीत होतं, त्यामुळे खेळ न्यायाचा व्हायचा. अण्णांचे गुडघे संपावर गेल्याला बरीच वर्षं झाली होती. ते खाली उतरत नसत, म्हणून येण्याचं काम आत्याकडे.

तर एका दुपारी आत्या रस्त्याच्या मध्यावर असताना एक मोटरसायकलवाला तिच्या इतक्या जवळून गेला, की तिच्या हातातली छत्री त्याच्या हँडलला अडकून त्याच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत गेली. मुलगा सभ्य होता. परत आला, छत्री दिली, सॉरी आजी म्हणाला आणि तेवढ्याच वेगानं निघून गेला. आत्याला खरचटलंसुद्धा नाही. पण छत्रीची दांडी वाकली आणि आत्याची हिंमतही त्याच जागी वाकली. तिनं छत्री दाराआड टांगली आणि आपण आता रस्ता ओलांडणार नाही असं जाहीर केलं.

मी तिला हात धरून आणतो म्हणालो. माझी बायको म्हणाली, दुपारी हे ऑफिसात असतात, मी येत जाईन न्यायला. आत्यानं दोघांनाही उडवून लावलं. आपल्या पायांनी येता येत नसेल तर भावाच्या घरी पाहुण्यासारखं कुणाचा हात धरून जायचं नाही, असं तिचं म्हणणं. मग अण्णांनी फोनवरून रमीचा घाट घातला. दोघांकडे आपापला पत्त्यांचा जोड, म्हणजे बदामाची राणी इकडेही आणि तिकडेही. दोघं ऐकायला कमी. पहिल्याच डावात एकमेकांची वंशावळ निघाली (जी एकच होती) आणि दोघांनी फोन आपटले.

त्यानंतर अण्णा दुपारी गॅलरीत खुर्ची टाकून दोघांचे पत्ते स्वतःच वाटायचे आणि दोन्ही बाजूंनी खेळायचे. समोरच्या खिडकीत आत्या बसलेली असायची. दोघं एकमेकांना बघायचे आणि दिसलंच नाही असं दाखवायचे. अण्णांचं जेवण निम्म्यावर आलं. एकदा मी ऑफिसातून आलो तर पत्ते तसेच पडलेले आणि अण्णा नुसते बसलेले. मी विचारलं, कोण जिंकलं? ते म्हणाले, कुणीच नाही. मला ते बघवेना.

मग तेच मला म्हणाले, "ऑफिसात एवढ्या लोकांना शिस्त लावतोस म्हणे. एका म्हातारीला रस्ता ओलांडायची सोय करता येत नाही तुला?"

ऑफिसात माझ्या हाताखाली एकच माणूस आहे आणि तोही माझं ऐकत नाही. पण ही गोष्ट मी घरी कधी सांगितलेली नव्हती. आपलं ठेवावं झाकून म्हणतात ते उगीच नाही. झाकल्यामुळेच मला समिती काढावी लागली.

पहिल्या बैठकीला आमच्या हॉलमध्ये तिघं आले. डावीकडच्या बंगल्यातले वकीलसाहेब, त्यांच्या पलीकडचे दातांचे डॉक्टर आणि कोपऱ्यावरचे रिटायर्ड ओव्हरसियर. बैठक नावातच संपली. मी नुसतं 'पादचारी समिती' सुचवलं होतं. वकीलसाहेबांना त्यात 'नागरिक' हवा होता, नाहीतर उद्या कोर्टात आपण कोण असा प्रश्न येईल म्हणाले. डॉक्टरांना 'सुरक्षा' हवी होती. ओव्हरसियरना काहीच नको होतं, पण सगळ्यांनी एकेक शब्द दिलाय म्हणून त्यांनी 'सुधारणा' दिला. चहा माझ्या घरचा असल्यामुळे अध्यक्ष मी झालो. बायकोनं कप उचलताना विचारलं की रस्त्याचं काय ठरलं. मी म्हटलं, नमनालाच घडाभर तेल लागतं, पुढचं भराभर होईल.

पुढचं महापालिकेच्या रस्ते विभागात होतं. तिथले साहेब भले गृहस्थ निघाले आणि त्यामुळेच माझा घात झाला. त्यांनी हाकलून दिलं असतं तर मी घरी येऊन चार लोकांत व्यवस्थेला शिव्या दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. पण ते म्हणाले, पट्टे मारून देतो. रंग शिल्लक आहे, तुमच्या रस्त्यावर गरजही आहे. जागा तुम्ही ठरवा, मात्र एकमतानं ठरवा, कारण पट्टे मारले की मागून तक्रारी येतात. आणि हो, पट्ट्यांच्या तोंडाशी कुणाची गाडी उभी राहणार नाही, तेवढं बघा.

हे शेवटचं वाक्य मी बैठकीत सांगितलं आणि हॉलमधली हवा बदलली. तोपर्यंत पट्टे आपल्या घरासमोर यावेत अशी प्रत्येकाची इच्छा होती. आता तो मान दुसऱ्याला मिळावा असं प्रत्येकाला मनापासून वाटू लागलं. वकीलसाहेबांच्या अशिलांच्या गाड्या फाटकासमोर लागतात, आणि अशील दूर उतरला तर वाटेत त्याला दुसरा वकील भेटू शकतो. डॉक्टर म्हणाले, सुजलेला गाल घेऊन पेशंटनं किती चालायचं. ओव्हरसियरच्या दारात एक झाकलेली गाडी आहे. ती आजवर कुणी हललेली पाहिलेली नाही, पण त्यांना ती कोणत्याही दिवशी लागू शकत होती.

मग तिघंही माझ्याकडे बघू लागले. बरोबरच होतं. आमचं फाटक आत्याच्या दाराच्या बरोबर समोर. शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं की पट्टे तिथंच हवेत.

पण त्याच सुमारास मी गाडी घेतली होती. सेकंडहँड का असेना, आमच्या घराण्यातली पहिली. फाटकाशेजारी गटारावर फरशा टाकलेल्या आहेत आणि वर झाडाची सावली आहे. तिथं ती उभी असायची. संध्याकाळी येऊन तिच्या टपावरची पानं झटकण्यात मला जे सुख होतं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. आणि मी माझ्याच आवाजात ऐकलं, की तांत्रिकदृष्ट्या आमच्या फाटकासमोर पट्टे योग्य नाहीत, वळण जवळ पडतं.

वळण ओव्हरसियरच्याही घरापलीकडे होतं. माझी बायको तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं ट्रे ठेवला आणि आत गेली. त्या दिवशीच्या चहात माझ्या कपात साखर नव्हती, पण मी मागितली नाही.

तोडगा ओव्हरसियरनी काढला. आमच्या घराला लागूनच पंपघराची भिंत आहे. तिच्यासमोर कुणाचं फाटक नाही, कुणाची गाडी नाही, कुणाची हरकत नाही. पट्टे तिथं. आमच्या रस्त्याच्या इतिहासात एकमतानं झालेला हा पहिला ठराव. वकीलसाहेबांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं, डॉक्टर म्हणाले याला म्हणतात लोकशाही. पलीकडून आलेला माणूस भिंतीशी पोचल्यावर पुढं कुठं जाणार, हा प्रश्न कुणालाच पडला नाही, कारण समितीत आम्ही सगळे अलीकडचेच होतो. आम्हाला पट्ट्यांवर फक्त चढायचं होतं. उतरणारा माणूस, जिच्यासाठी हे चाललं होतं ती, पलीकडे खिडकीत बसली होती आणि तिला बैठकीला बोलवायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

एवढ्यावर निभावलं असतं तरी चाललं असतं. भिंतीशी पोचून माणूस उजवीकडे वळला की आमच्या फरशा, त्यावर माझी गाडी, की लगेच फाटक. थोडं अंग चोरून येता आलं असतं. पण रंगवायच्या आधी साहेब जागा बघायला आले आणि म्हणाले, कडेला गटार आहे, हवा तर लोखंडी कठडा देतो, कुठून कुठपर्यंत ते अध्यक्षांनी सांगावं. अध्यक्षांच्या डोळ्यासमोर गाडीला घासून जाणाऱ्या पिशव्या, छत्र्या आणि दप्तरं आली. अध्यक्षांनी सांगितलं, आमच्या बाजूनं रस्त्यापासून थेट भिंतीपर्यंत घ्या, लोकांना शिस्त लागली पाहिजे. साहेबांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. सामान्य नागरिक सुरक्षेचा इतका विचार करत नाहीत म्हणाले.

तर समोर भिंत, डावीकडे विजेची भलीमोठी पेटी आणि उजवीकडे छातीएवढा कठडा. मी कठड्याचा रंग वाळल्यावर गाडीभोवती एक फेरी मारली. आता कुणाची पिशवी घासणार नव्हती. मला इतकं समाधान वाटलं की मी मागं वळून पाहिलंच नाही.

उद्घाटन आत्याच्या हस्ते करायचं ठरलं. मी स्वतः जाऊन तिला सांगितलं की तुझ्यासाठी रस्ता केलाय, पट्ट्यांवर पाऊल ठेवलं की गाड्या थांबणार, पट्टा मात्र सोडायचा नाही. तिनं ते दोनदा म्हणून दाखवलं. छत्री दुरुस्त करून आणली. नवा पत्त्यांचा जोड आणला, कारण जुना अण्णांनी रागानं खुणा करून ठेवला असणार असा तिला संशय होता. अण्णांनी सकाळीच दाढी करून घेतली आणि गॅलरीत जाऊन बसले. त्यांनी दुपारी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, हे बायकोनं मला मुद्दाम येऊन सांगितलं.

ठरल्या वेळी समिती अलीकडे रांगेत उभी राहिली. पलीकडे आत्या आली. तिनं छत्री उघडली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि पहिल्या पट्ट्यावर पाऊल ठेवलं. आणि गाड्या थांबल्या. खरंच थांबल्या. एक टेम्पो, दोन रिक्षा, एक मोटरसायकल. मी आयुष्यात काही केलं आणि ते झालं, असा तो एकमेव क्षण. आम्ही टाळ्या वाजवल्या. आत्या एकेक पट्टा मोजल्यासारखी, मान ताठ करून आली आणि भिंतीशी पोचली.

तिनं भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर 'येथे जाहिराती लावू नयेत' असं लिहिलेलं होतं, ते वाचलं. डावीकडे पेटी पाहिली, उजवीकडे कठडा. मागं गाड्या सुटल्या. टाळ्या एकेक करून थांबल्या, सगळ्यात शेवटी माझी.

मग सल्ले सुरू झाले. शिडी लावून भिंतीवरून पंपघरात उतरवावं आणि मागच्या दारानं आणावं, असं डॉक्टर म्हणाले. ओव्हरसियरच्या मते कठड्याला दोन्हीकडून स्टूल लावलं तर जमण्यासारखं होतं. वकीलसाहेब म्हणाले, तो कठडा आता सरकारी मालमत्ता आहे, त्याला स्टूल टेकवण्यापूर्वी विचार व्हावा. मी म्हटलं, आत्या, कठड्याला वळसा घालून ये, रस्त्यावरून दोन पावलं. पण वळशाच्या ठिकाणी माझ्या गाडीचं नाक पुढं आलेलं होतं, म्हणजे दोनाची पाच पावलं, तीही वाहत्या रस्त्यात. आत्या म्हणाली, पट्टा सोडायचा नाही असं तूच सांगितलंस ना.

रिक्षावाले हसायला लागले होते. कंपाउंडर हसत होता. एक बाई म्हणाली, कुठल्या शहाण्यानं केलंय हे. तेव्हा आत्या छत्री मिटून तिच्याकडे वळली.

"माझ्या भाच्यानं केलंय," ती म्हणाली. "त्यानं केलंय म्हणजे पुढं दार करणार असेल. काम चालू आहे अजून."

आणि ती भिंतीशी शांतपणे उभी राहिली, दाराची वाट बघितल्यासारखी. मला शाळेत सोडायला हीच यायची. रस्ता ओलांडायच्या आधी माझं बोट इतकं घट्ट धरायची की दुखायचं. मला वाटलं, फरशी उचलावी आणि गटारात जाऊन बसावं. पण फरशीवर माझी गाडी उभी होती.

तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज आला. अण्णा उतरत होते. एक पायरी, थांबा, एक पायरी. माझी बायको मागं होती, पण ते तिला हात लावू देत नव्हते. फाटकाबाहेर आले, गाडीपाशी थांबले आणि काठीनं तिच्या दारावर टकटक केली.

"ही काढ," ते म्हणाले.

मी काढली. पहिल्यांदा ती बंद पडली, दुसऱ्यांदा पुढं जाण्याऐवजी मागं गेली आणि वकीलसाहेबांच्या फाटकाला तिचा दिवा लागून फुटला. गाडी लांब लावून आलो तर बायकोनं कठड्याच्या या बाजूला, फरशांवर, अण्णांना खुर्ची दिली होती आणि कठड्यावरून पलीकडे आत्यालाही. स्टुलाचा उपयोग झाला, पत्ते ठेवायला. अण्णांनी कठड्याच्या गजांतून हात घालून तिच्या हातातला नवा जोड घेतला आणि पिसायला लागले.

"वर चल ना," मी आत्याला म्हणालो. "आता वाट मोकळी झालीय. मी हात धरतो."

आत्या म्हणाली, कशाला? तो एवढा जिना उतरून आलाय, आता त्याला परत चढवू होय? अर्धं मी आले, अर्धं तो आला. मग ती अण्णांकडे वळली, वाट पत्ते.

ती पानं लावण्यात गुंतली तेव्हा अण्णांनी मला खुणेनं खाली वाकायला सांगितलं. कठडा कुणी लावायला सांगितला, त्यांनी हळूच विचारलं. मग मी सांगितलं. मी सांगितला, गाडीला लोक घासतात म्हणून. आणि पट्टेही आपल्या फाटकासमोरच यायचे होते, तेही मीच नको म्हटलं.

अण्णांनी हातातलं एक पान उचलून दुसरीकडे खोचलं. त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर फार बरं झालं असतं.

"तिला सांगू नकोस," ते म्हणाले. "तिला वाटू दे."

तेव्हापासून तिला वाटतंय. मी दुसऱ्याच दिवशी रस्ते विभागात गेलो. साहेब तेवढेच भले होते. ते म्हणाले, कठडा सुरक्षेसाठी अध्यक्षांच्या मागणीवरून बसवला आहे, तो काढायचा तर धोका आता उरलेला नाही असं समितीनं एकमतानं कळवायला हवं. एकमत होत नाही. फाटकाला दिवा लागल्यापासून वकीलसाहेब बैठकीला येत नाहीत आणि पट्टे सरकले तर कुणाच्या दारात सरकतील या भीतीनं बाकीचे दोघं येत नाहीत. मी एकटाच अध्यक्ष आहे. गाडी मी पार वळणाच्या पलीकडे, उन्हात उभी करतो. पानं झटकायची वेळ येत नाही.

वाहतूक मात्र सुधारली आहे. भरधाव आलेला माणूस रस्त्याकडेला कठड्याच्या आरपार रमी चाललेली बघतो आणि आपोआप ब्रेक दाबतो. रिक्षावाले थांबून कोण जिंकतंय विचारतात. तेवढ्यात शाळेची मुलं रस्ता ओलांडून घेतात आणि भिंतीशी आली की खाली वाकून कठड्याखालून निघून जातात. दुपारी तिथं भिंतीची सावली असते. अण्णा रोज जिना उतरतात आणि चढतात, डॉक्टर म्हणतात (दातांचे नव्हेत, खरे) की गुडघे सुधारले. काही लोकांना हे समितीचं यश वाटतं. परवा कुणीतरी माझा सत्कार करायचा म्हणत होतं, तेव्हा मी दोन दिवस आजारी पडलो.

संध्याकाळी त्या दोघांना चहा नेऊन द्यायचं काम बायकोनं माझ्याकडे दिलंय. ती नुसता थर्मास पुढं करते. का, ते विचारायची माझी छाती नाही. काल मी गेलो तेव्हा पलीकडून एक अनोळखी आजी पट्ट्यांवरून आल्या होत्या आणि भिंतीशी येऊन गोंधळून उभ्या होत्या. अण्णांनी पत्त्यांतून मान वर केली नाही. आत्यानं मात्र पानं पालथी ठेवली, त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"हा माझा भाचा," ती त्यांना म्हणाली. "अध्यक्ष आहे. हे सगळं त्यानंच केलंय आमच्यासाठी. दार तेवढं व्हायचंय."